तारीख वाचली गेली, पण बरोबर वाचली गेली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका पतसंस्थेच्या ठेवींचा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये घालायचा आहे. सीएसव्ही (साध्या मजकुराच्या तक्त्याच्या) फाइलमध्ये तारखा ‘०५/०८/२०२४’ अशा आहेत. पायथॉन भाषेत पांडाज (तक्त्यातला डेटा हाताळणारी लायब्ररी) वापरून तो कॉलम तारखेत बदलला, एकही एरर आली नाही. डेटा चढवल्यावर मात्र काही ठेवीदारांची तारीख पासबुकाशी जुळते, काहींची जुळत नाही. फॉरमॅट कोड (तारखेचा कोणता भाग कुठे आहे ते सांगणारी अक्षरं) कोणता द्यायचा, आणि चढवून झालेला डेटा कसा दुरुस्त करायचा?

आधी सरळ उत्तर. तुम्ही फॉरमॅट दिलाच नाही, म्हणून पांडाजने अंदाज केला. फॉरमॅट द्यायचा तो असा: स्मॉल डी, स्लॅश, स्मॉल एम, स्लॅश, कॅपिटल वाय, म्हणजे दिवस, महिना, चार आकडी वर्ष. (आपण फोनवर सहकाऱ्याला सांगतो तशीच कोडं इथे लिहितो आहे. प्रत्येकाच्या आधी पर्सेंटचं चिन्ह आहे असं धरा. उदाहरणांतले अंक मी मराठीत लिहितो आहे, फाइलमध्ये ते इंग्रजी आहेत.) आणि चढवलेला डेटा दुरुस्त करू नका. मूळ फाइल शोधा आणि पहिल्यापासून पुन्हा वाचा. ती मिळत नसेल तर काय करायचं ते पुढे सांगतो.

तुमच्याकडे झालं ते असं. तारखेत दोन स्लॅश दिसले की पांडाज अमेरिकी पद्धतीने महिना आधी धरतं. ‘०५/०८/२०२४’ म्हणजे ८ मे. पुढच्या ओळीत ‘१५/०८/२०२४’ आलं. पंधरावा महिना नसतो, म्हणून तिथे ते गपचूप दिवस आधी धरून १५ ऑगस्ट वाचतं. एकाच कॉलमात दोन नियम लागले आणि तुम्हाला फार तर एक वॉर्निंग दिसली असेल. एररशिवाय हे झालं म्हणजे तुमचं पांडाज २.०च्या आधीचं असणार. २०२३मध्ये आलेल्या २.०पासून ते पहिली तारीख बघून एक फॉरमॅट ठरवतं आणि तोच सगळ्या कॉलमला लावतं. त्यामुळे आज हीच फाइल १५ तारखेच्या ओळीवर आपटेल, आणि ते आपटणंच बरं. ‘डे-फर्स्ट’ नावाचा पर्याय आहे, पण तो सूचना आहे, सक्ती नाही. न जमल्यास पांडाज त्यालाही वळसा घालतं. सक्ती फक्त फॉरमॅट करतो.

ठेवीचं व्याज दिवसांवर मोजलं जातं. ५ ऑगस्टला ठेवलेले पैसे ८ मेला ठेवले असं दिसलं, तर ८९ दिवसांचं व्याज फुकट दिलं जाईल. उलट्या दिशेने चूक झाली तर कुणा आजोबांच्या हक्काचं व्याज कापलं जाईल, आणि काउंटरवरचा माणूस ‘कॉम्प्युटरमध्ये असंच आहे’ म्हणून त्यांना परत पाठवेल. म्हणून हे उत्तर जरा लांबवतो आहे.

ही चूक किती ठिकाणी लपू शकते ते मोजता येतं. दिवस आणि महिना दोन्ही १ ते १२ असतील तरच अदलाबदल शक्य आहे. अशा वर्षात १४४ तारखा. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातले एक तृतीयांशाहून जास्त दिवस संशयाचे, आणि बाकीचे बरोबर दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही.

पण या चुकीचा एक ठसा राहतो. तुमच्याकडे फक्त ऑगस्टची फाइल आहे असं समजा. १ ते १२ ऑगस्टच्या ओळी उलटल्या की ८ जानेवारी, ८ फेब्रुवारी, ८ मार्च अशा ८ डिसेंबरपर्यंत पसरतात. प्रत्येक महिन्याची नेमकी ८ तारीख. खऱ्या ठेवी अशा येत नाहीत. डेटा चढवल्यावर दिवसानुसार आणि महिन्यानुसार ओळी मोजा. एखादा आकडा असा सरळ रेषेत उभा दिसला, किंवा अजून न उजाडलेल्या तारखा दिसल्या, तर पुढे काही करू नका. हा तक्ता काढायला पाच मिनिटं लागतात. कोणत्याही डेटा-बदलीत माझं पहिलं काम हेच असतं.

आता मूळ मुद्दा. फॉरमॅट कोड म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली आज्ञा आहे असं आपण समजतो. मी त्याकडे साक्ष म्हणून बघतो: ‘ज्याने हा मजकूर लिहिला त्याने आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष लिहिलं आहे’ असं तुम्ही सांगता आहात. ही साक्ष द्यायला तुम्हाला ते माहीत असावं लागतं. फाइलकडे टक लावून ते कळत नाही, लिहिणाऱ्याला विचारावं लागतं. फाइल कुठल्या सॉफ्टवेअरने काढली, मध्ये कुणी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली का, त्या मशीनवर विंडोजचं रीजन सेटिंग काय होतं, हे विचारा. ऑफिसातल्या कितीतरी मशीनवर रीजन अमेरिकाच राहिलेलं असतं, कारण ते बदलायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

एक्सेलची पायरी मध्ये असेल तर नीट बघा. अमेरिकी सेटिंगच्या मशीनवर ती सीएसव्ही उघडली की ‘०५/०८/२०२४’ची ८ मे होते आणि ‘१५/०८/२०२४’ तसाच मजकूर राहतो. डोळ्यांनी ओळखता येतं: खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या कडेला. एकाच कॉलममध्ये काही डावीकडे, काही उजवीकडे दिसलं की समजायचं. एक्सेलच्या आत तारीख म्हणजे एक आकडा असतो, १ जानेवारी १९००ला १ धरून मोजलेला. ५ ऑगस्ट २०२४ म्हणजे ४५५०९, ८ मे २०२४ म्हणजे ४५४२०. फाइल एक्सेलच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह झाली तर आत ४५४२० जाऊन बसतो आणि मूळ ‘०५/०८’ कायमचं जातं. तीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह झाली असेल तर नशीब चांगलं. अमेरिकी पद्धतीने ती ‘५/८/२०२४’ अशी लिहिली जाते, म्हणजे आकड्यांचा क्रम मूळचाच राहतो, फक्त शून्य गळतात. काही तारखांना शून्य आहे आणि काहींना नाही, हीच खूण.

आता मूळ फाइल सापडत नसेल तर. एक्सेल फाइलमध्ये खऱ्या तारखा झालेल्या सगळ्या ओळींचे दिवस १ ते १२मध्येच असतील, आणि मजकूर राहिलेल्या सगळ्या ओळींचे दिवस १३ किंवा त्यापुढचे असतील, तर गुन्हा सिद्ध झाला. पहिल्यांचा दिवस-महिना परत उलटा, दुसऱ्या सरळ वाचा. या नियमाला एक जरी ओळ अपवाद निघाली तर थांबा, कारण मग कॉलममध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा मिसळला आहे आणि सरसकट उलटवणं म्हणजे नवी चूक. अशा वेळी डेटाबेसमध्ये दुसरा पुरावा शोधा: पावती क्रमांक. पावत्या ओळीने फाडल्या जातात. क्रमांक वाढताना एखादी तारीख शेजारच्या ओळींपेक्षा एकदम मागे किंवा पुढे गेली की ती ओळ उलटलेली असू शकते. पतसंस्थेचा कारकून हे शाळेतल्या पाढ्यासारखं ओळखतो, त्याला शेजारी बसवा.

यापुढे मूळ मजकूर टाकून देऊ नका. टेबलमध्ये वाचलेल्या तारखेच्या शेजारी ‘तारीख_मूळ’ असा मजकुराचा कॉलम ठेवा. जागा नगण्य लागते, आणि सहा महिन्यांनी वाद निघाला तर तोच कॉलम वाचवतो.

आता खुद्द कोडांकडे वळू. सगळ्यात जास्त घोटाळा एम या एका अक्षराने केला आहे. पायथॉनमध्ये आणि सी भाषेत स्मॉल एम म्हणजे महिना आणि कॅपिटल एम म्हणजे मिनिट. जावामध्ये बरोबर उलटं: कॅपिटल एम महिना, स्मॉल एम मिनिट. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये स्मॉल एम महिन्याचा आकडा, कॅपिटल एम महिन्याचं पूर्ण नाव, आणि मिनिटासाठी स्मॉल आय. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एम-एम महिना आणि एम-आय मिनिट. एक्सेल तर शेजारी बघून ठरवतं: तासाच्या नंतर किंवा सेकंदाच्या आधी एम आला तर मिनिट, नाहीतर महिना.

मी स्वतः हे किंमत मोजून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या हजेरीच्या नोंदी मी पायथॉनने वाचत होतो आणि फॉरमॅटमध्ये मधला एम कॅपिटल पडला. ‘१५/०८’चे आठ हे मिनिट म्हणून वाचले गेले. महिना दिलाच नव्हता, म्हणून तो जानेवारी धरला गेला. निकाल: १५ जानेवारी, रात्रीचे १२ वाजून ८ मिनिटं. एरर नाही, कारण आठ हे मिनिट म्हणून अगदी वैध आहे. रिपोर्टमध्ये फक्त तारीख छापायची होती, वेळ नाही, त्यामुळे ती आठ मिनिटं कुणाला दिसलीच नाहीत. पगाराच्या दिवशी एका बाईंनी येऊन विचारलं की माझी वर्षभराची हजेरी जानेवारीतच कशी संपली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक टेस्टमध्ये पहिली तारीख असते ती अशी, जिचा दिवस, महिना, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, तास, मिनिट आणि सेकंद सगळे वेगवेगळे आहेत आणि दिवस १२च्या पुढचा आहे. उदाहरणार्थ २७ सप्टेंबर २०२३, १६ वाजून ४१ मिनिटं, ५८ सेकंद. ‘१ जानेवारी’ घेऊन टेस्ट लिहिणारा काहीच तपासत नाही.

गो भाषेच्या लोकांनी ही अक्षरंच काढून टाकली. तिथे फॉरमॅट म्हणजे एक ठरलेली तारीख तुमच्या पद्धतीने लिहून दाखवायची: २ जानेवारी २००६, दुपारी ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, झोन उणे ७. कल्पना सुंदर आहे, पण क्रम अमेरिकी आहे. आपल्याकडची तारीख वाचायला ‘०२/०१/२००६’ लिहायचं असतं, आणि सवयीने ‘०१/०२/२००६’ लिहिलं गेलं की परत तीच अदलाबदल.

वेळेचं कोड देताना तासाकडे बघा. कॅपिटल एच म्हणजे २४ तासांचं, ज्याला आपण रेल्वे टाइम म्हणतो. कॅपिटल आय म्हणजे १२ तासांचं. ‘०३:३० पीएम’ वाचायला कॅपिटल आय आणि स्मॉल पी हवेत. सवयीने कॅपिटल एच लिहून पुढे स्मॉल पी दिला, तर पायथॉन पीएम हा शब्द वाचतं, जुळला म्हणून पुढे जातं, आणि तासावर त्याचा काहीही परिणाम करत नाही. उत्तर पहाटेचे साडेतीन. हेही एररशिवाय. दुपारी १नंतरच्या सगळ्या नोंदी बारा तास मागे जातात आणि सकाळच्या बरोबर राहतात. तासानुसार मोजणी केली तर दुपारी १ ते रात्री १२ या वेळात एकही ओळ दिसणार नाही. रात्री १२:१५ एएम तर दुपारची सव्वाबारा होते.

दोन आकडी वर्षाबद्दल मी फार कडक आहे. ठेवीदारांच्या जन्मतारखा तुमच्याकडे नक्की येणार आणि जुन्या फॉर्मवर त्या ‘१५/०८/५५’ अशाच असतात. स्मॉल वाय दिला की पायथॉन पॉसिक्सचा (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या प्रमाणाचा) नियम लावतं: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. म्हणजे १९५५ला जन्मलेल्या आजी २०५५मध्ये जन्मणार. १९६८चा माणूस भविष्यात, १९६९चा जागेवर. ज्येष्ठ नागरिकांना ठेवीवर जादा व्याजदर असतो, आणि नेमकी तीच माणसं या रेषेच्या चुकीच्या बाजूला पडतात. जावाचं तारीख वाचणारं जुनं सिंपल-डेट-फॉरमॅट वेगळाच नियम लावतं: चालू तारखेच्या ८० वर्षं मागे आणि २० वर्षं पुढे. म्हणजे तोच कोड दहा वर्षांनी वेगळं उत्तर देऊ शकतो. जन्मतारीख असेल तर ती आजच्या पुढे असूच शकत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, लायब्ररीला नाही. म्हणून शतक तुम्ही ठरवा. आणि पुन्हा फाइल मागवताना चार आकडी वर्षच मागा.

जावाचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी. पहिली, कॅपिटल वाय. जावामध्ये वर्षासाठी स्मॉल वाय असतो. कॅपिटल वाय म्हणजे आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष. वर्षभर दोन्ही सारखेच दिसतात. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता आणि तो आठवडा २०२५चा पहिला धरला जातो, म्हणून कॅपिटल वायने ती तारीख ३० डिसेंबर २०२५ छापली जाते. अकरा महिने तीन आठवडे बरोबर चालणारी ही चूक आहे, आणि ती फुटते तेव्हा अर्धी टीम सुट्टीवर असते. दुसरी गोष्ट, ढिलाई. सिंपल-डेट-फॉरमॅटला ३२ जानेवारी दिली तर ते १ फेब्रुवारी करून देतं. तारखेच्या शेवटी कचरा असला तरी हरकत घेत नाही. सेट-लेनियंट फॉल्स केल्याशिवाय, म्हणजे ढिलाई बंद केल्याशिवाय, ते वापरू नका. शक्यतो वापरूच नका, २०१४ला जावा ८सोबत आलेली जावा-टाइम लायब्ररी घ्या. पण तीही मूळ सेटिंगमध्ये ३१ फेब्रुवारीला महिन्याच्या शेवटच्या दिवसावर ओढून आणते. रिझॉल्व्हर-स्टाइल स्ट्रिक्ट करा, आणि स्ट्रिक्ट केल्यावर वर्षासाठी वायऐवजी चार स्मॉल यू लिहा. वाय म्हणजे तिथे ‘सनातलं वर्ष’, आणि स्ट्रिक्टमध्ये तो इसवी सन की इसवी सनापूर्व ते विचारतो. पहिल्यांदा करणारे इथे अडतात आणि वैतागून स्ट्रिक्टच काढून टाकतात. तसं करू नका.

मजकुरात नसलेल्या भागांचं काय होतं तेही माहीत हवं. पायथॉनमध्ये फक्त ‘१४:३०’ वाचलंत तर सोबत १ जानेवारी १९०० येते. वर्षाशिवाय ‘२९ फेब्रुवारी’ वाचायला गेलात तर एरर येते, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. चार वर्षांतून एकदा, एकाच दिवशी पडणारा प्रोग्रॅम असाच तयार होतो. पायथॉन ३.१३पासून वर्षाशिवाय दिवस वाचला तर वॉर्निंग मिळते. उपाय सोपा आहे: आधी वर्ष मजकुराला जोडा, मग वाचा.

महिन्याची नावं असतील, म्हणजे ‘१५-ऑग-२०२४’ इंग्रजीतून, तर स्मॉल बी चालतो. फक्त हे कोड मशीनच्या लोकेलवर (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून असतं. इंग्रजी लोकेलवर लिहिलेला कोड दुसऱ्या भाषेच्या लोकेलवर अडतो. इंग्रजीतही एकवाक्यता नाही: जावा १६पासून ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं छोटं रूप तीन अक्षरांऐवजी चार अक्षरांचं झालं, आणि वर्षानुवर्षं चाललेले प्रोग्रॅम फक्त सप्टेंबरात पडू लागले. जावा २०मध्ये वेळ आणि पीएम यांच्यामधली साधी मोकळी जागा बदलून अरुंद, न तुटणारी जागा आली. स्क्रीनवर दोन्ही सारख्याच दिसतात, पण साध्या जागेचा फॉरमॅट दिला तर वाचलं जात नाही. ‘मजकूर तंतोतंत तोच आहे, तरी एरर येते’ असं कुणी म्हणालं की मी आधी त्या मजकुराच्या प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक (कॉम्प्युटरमध्ये त्या अक्षराचा ठरलेला आकडा) छापून बघायला सांगतो.

मराठी अंकांतल्या तारखाही तुमच्याकडे येऊ शकतात, ठराव आणि जुनी रजिस्टरं टाइप केलेली असतात तिथून. पायथॉनचं इन्ट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) ‘२०२४’ हे देवनागरीत लिहिलेलं असलं तरी बरोबर आकडा देतं, त्यामुळे लोकांना वाटतं की तारीखही वाचली जाईल. फॉरमॅटने तारीख वाचणाऱ्या एसटीआर-पी-टाइम या फंक्शनचा स्मॉल डी मात्र देवनागरी ‘०५’ घेत नाही. दहा अंकांचा एक छोटा तक्ता करून आधी सगळे अंक इंग्रजीत बदला, मग फॉरमॅट लावा. महिन्यांची मराठी नावं असतील तर लोकेलच्या नादी लागू नका. ‘सप्टेंबर’, ‘सप्टेम्बर’, ‘सप्टें.’ अशी हातांनी टाइप केलेली बारा-पंधरा रूपं निघतात. त्यांचा स्वतःचा तक्ता करा आणि तक्त्यात नसलेलं रूप आलं की माणसाला दाखवा.

टाइमझोन तुमच्या प्रश्नात नाही, पण व्यवहारांच्या वेळा चढवाल तेव्हा लागेल, म्हणून मोजकं सांगतो. मजकुरात ‘आयएसटी’ असेल तर पायथॉनचं कॅपिटल झेड पुण्यातल्या लिनक्स लॅपटॉपवर ते वाचेल आणि यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालणाऱ्या सर्व्हरवर एरर देईल, कारण ते यूटीसी, जीएमटी आणि त्या मशीनचा स्वतःचा झोन एवढंच ओळखतं. शिवाय वाचलं तरी मिळालेल्या तारखेला झोन चिकटत नाही. तसंही आयएसटी हे नाव आयर्लंड आणि इस्राएलही वापरतात. मजकुरात ‘+०५:३०’ मागा आणि स्मॉल झेड वापरा. शेवटी इंग्रजी झेड अक्षर असलेली वेळ यूटीसी असते. जावाच्या फॉरमॅटमध्ये ते झेड अवतरणचिन्हांत टाकणं हा हमखास दिसणारा दोष आहे, कारण मग ते नुसतं अक्षर म्हणून ओलांडलं जातं आणि वेळ साडेपाच तासांनी चुकते. आणि पायथॉनमध्ये पायटीझेड या टाइमझोनच्या लायब्ररीचा आशिया/कोलकाता झोन थेट तारखेच्या टीझेड-इन्फोला दिला की फरक +०५:५३ येतो. तो कोलकात्याचा जुना स्थानिक वेळ आहे, प्रमाणवेळ येण्याआधीचा. त्याऐवजी पायथॉन ३.९पासून झोन-इन्फो आहे, ते वापरा.

‘एक फॉरमॅट चालला नाही तर दुसरा, तो नाही तर तिसरा’ अशी माळ लावलेला कोड फार दिसतो. त्या माळेत दिवस-महिना आणि महिना-दिवस दोन्ही असतील तर ती पांडाजच्या अंदाजासारखीच आहे, फक्त तुमच्या हातची. एका स्रोताला एक फॉरमॅट. दोन शाखा वेगवेगळ्या लिहीत असतील तर शाखेच्या नावावरून फॉरमॅट निवडा, तारखेच्या रूपावरून नव्हे. तसंच पांडाजला ‘एरर्स कोअर्स’ देऊन न वाचलेल्या तारखा रिकाम्या करू नका. न वाचलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि शाखेला परत पाठवा.

वाचलेली तारीख त्याच फॉरमॅटने पुन्हा लिहून मूळ मजकुराशी ताडून बघणं ही चांगली सवय आहे. ३१ फेब्रुवारीसारखी ढिलाई त्यात पकडली जाते. पण कॅपिटल एमची माझी चूक त्यात सापडली नसती, कारण आठ मिनिटं परत ‘०८’ म्हणूनच छापली जातात. म्हणून ताडणी आणि वरची मोजणी दोन्ही करा.

तुमच्या फाइलपुरतं: शाखेकडून सॉफ्टवेअरने थेट काढलेली, एक्सेलमध्ये न उघडलेली सीएसव्ही मागवा. तारखेचा कॉलम मजकूर म्हणूनच वाचा, तो तसाच ‘तारीख_मूळ’मध्ये ठेवा, मग स्मॉल डी, स्मॉल एम, कॅपिटल वाय लावा. जन्मतारखा वेगळ्या हाताळा. मोजणीचा तक्ता काढा. शेवटी ज्यांचा दिवस १ ते १२ आहे अशा वीस ठेवी निवडा, वेगवेगळ्या महिन्यांच्या, आणि कारकुनाला त्यांची पासबुकं किंवा लेजरची पानं उघडायला सांगून एकेक तारीख मोठ्याने वाचून घ्या. १३ तारखेपुढची पासबुकं तपासून उपयोग नाही, ती आत्ताही बरोबरच आहेत. त्या वीसपैकी एक जरी चुकली तर मला त्या ओळीचा मूळ मजकूर आणि पावती क्रमांक पाठवा, आपण मिळून बघू.